पाडव्याच्या तोंडावर बंद

"ठराव सर्वानुमते मंजूर!" डुंबरे सरांनी जाहीर केलं, तेव्हा ठराव अजून वाचायचाच होता.

आमच्या खडकपेठ परिसर व्यापारी महासंघात ही रीतच होती. ठराव घरून टाइप करून आणायचा, खाली 'सर्वानुमते मंजूर' हेही टाइप करून आणायचं, आणि चहा यायच्या आत टाळ्या वाजवून मोकळं व्हायचं. चहा गार झालेला उंडेशेठना खपत नसे. उंडेशेठ म्हणजे आमचे अध्यक्ष. तेल-साखरेचे ठोक व्यापारी, आणि अकरा वर्षं बिनविरोध निवडून आलेले. बिनविरोध अशासाठी, की विरोध करील असं वाटे त्याला सभेचा निरोपच जात नसे.

डुंबरे सर चिटणीस. शाळेतून निवृत्त होऊन वह्या-पुस्तकांचं दुकान टाकलेलं. दुकानात गिऱ्हाईक बेताचंच, त्यामुळे निवेदनं लिहायला भरपूर वेळ. तहसीलदारांना, आमदारांना, रेल्वेमंत्र्यांनासुद्धा. आमच्या तालुक्यात रेल्वे नाही, पण म्हणून कुणी निवेदन थांबवतं होय?

आणि मी कौसल्या परदेशी, महासंघाची एकुलती एक महिला सभासद. समई पेटवायची आणि पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायचा, एवढं माझं काम. ही गोष्ट पंधरा वर्षांपूर्वीची. त्या दिवशी मी सभेत पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"सर, वाचा तरी आधी," मी म्हटलं. "टाळ्या मागाहून वाजवते."

सरांनी चष्मा लावून वाचलं. बायपासवर 'महाबचत मार्ट' नावाचं भलंमोठं दुकान उघडत होतं. त्याच्या निषेधार्थ आणि छोट्या व्यापाऱ्यांच्या समर्थनार्थ गावची सगळी बाजारपेठ तीन दिवस कडकडीत बंद. कुठले तीन दिवस? तर पाडव्याच्या आधीचे.



आमचा धंदा साखरेच्या गाठींचा. गुढीला साखरेची माळ घालतात ना, ती. होळीला थोडी खपते, पण खरा खप पाडव्याच्या आधीच्या तीन दिवसांत. पाडवा झाला की गाठीला निवडणूक झाल्यावरच्या उमेदवाराइतकीच किंमत. मग उन्हानं ती पिवळी पडते, हवेनं पाझरते, मुंग्या तेवढ्या निष्ठेनं येतात. त्या वर्षी अकरा क्विंटल माल करून ठेवला होता. आमचं वर्षाचं धान्य आणि धाकटीचं नर्सिंगचं कॉलेज, सगळं त्या अकरा क्विंटलांवर होतं.

"शेठ," मी उभी राहिले, "या तीन दिवसांत मी दुकान बंद ठेवलं, तर वर्षभर उघडून काय विकू? तुळशीची माती?"

"वहिनी, वहिनी!" उंडेशेठ प्रेमानं हसले. ते हसले की समजावं, आपलं काम होणार नाही. "अहो, तुमच्यासाठीच तर चाललंय हे सगळं. छोट्या व्यापाऱ्यासाठी!"

"मग छोट्या व्यापाऱ्याला विचारलंत का?"

"एकेका छोट्या माणसाला विचारत बसलो, तर त्याच्यासाठी काम कधी करायचं?"

सभेनं माना डोलावल्या. मी म्हटलं, "बरं, आपण बंद. मार्ट चालूच राहणार ना? मग पाडव्याचं गिऱ्हाईक जाईल कुठं?"

दोघा-तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, पडला बाई उजेड. पण उंडेशेठनी टेबलावर थाप मारली. "तेच तर! मार्ट उघडं आणि आपण बंद, हा फरक लोकांच्या डोळ्यांत भरला पाहिजे!"

टाळ्या पडल्या. डुंबरे सरांनी ते वाक्य लगेच टिपून घेतलं. मग कुणीतरी विचारलं की गोदामांचं काय. उंडेशेठ म्हणाले, गोदामाला शटर नसतं, तेव्हा त्याचा बंदशी संबंध येत नाही. शिवाय ठोक व्यापारी म्हणजे काही छोटा व्यापारी नव्हे. त्याला समर्थनाची गरज नाही. तो आपला त्याग म्हणून धंदा चालू ठेवील.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. आमचे हे, गोविंदराव, बोलण्याच्या बाबतीत काटकसरी. दीड महिना भट्टीपाशी उभं राहून हातावर पाकाचे चटके झेललेले. साच्यात दोरा ओढायचा, वर पाक ओतायचा, घट्ट झाला की अलगद माळ सोडवायची. एक दाणा फुटला तरी माणूस हळहळायचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बंद पाळायचाच म्हणतात?"

"पाळणार नाही त्याच्या शटरला काळं फासणार म्हणतात."

"काळं धुता येतं," हे म्हणाले आणि वर टांगलेल्या माळांकडे बघत बसले. पण नुसतं काळं नव्हतं ना! खडकपेठेत राहायचं, तर सगळ्यांशी वाकडं घेऊन कसं चालेल? सासूबाईंच्या वेळेपासून दुकानाची जागा उंडेशेठच्याच चुलत्याकडून भाड्यानं घेतलेली. मी गुमान बंद पाळायचं ठरवलं.

पहिल्या दिवशी सकाळपासून महासंघाची जीप कर्णा लावून फिरत होती. आत डुंबरे सर. आवाज शाळेतला, मागच्या बाकापर्यंत जाणारा. "बंधू-भगिनींनो! बायपासवरच्या, पेट्रोलपंपाशेजारच्या, निळ्या इमारतीतल्या महाबचत मार्टमध्ये पाऊलही टाकू नका!"

वाड्यावस्त्यांवरून माणसं पाडव्याच्या बाजाराला आली होती. हातात पिशव्या, कडेवर पोरं. एकेका शटरपाशी जाऊन कानोसा घेत होती. त्यांतल्या निम्म्यांना मार्ट म्हणजे काय आणि कुठं, हे ठाऊकही नव्हतं. कर्णा ऐकला आणि एक फेटेवाला दुसऱ्याला म्हणाला, "पेट्रोलपंपाशेजारी म्हणं. निळी इमारत. चल."

बारा वाजेपर्यंत बाजारपेठेत कुत्रंही उरलं नाही. जीप मात्र फिरतच होती. पत्ता इतक्या वेळा सांगितल्यावर आंधळ्यालाही सापडला असता.

संध्याकाळी घरी मागच्या दारानं एक तरुण माणूस आला. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. म्हणाला, "मॅडम, मी चव्हाण. मार्टचा मॅनेजर."

मॅडम! महासंघात अकरा वर्षांत मला कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. मी त्याला पाट दिला.

"मॅडम, आमच्याकडं बांबू आहे, तांब्या आहे, खण आहे, कडुनिंबसुद्धा आहे. गाठी नाहीत. बाहेरून मागवल्या, त्या टेम्पोत फुटून नुसता चुरा झाला. लोक येतात, गाठी विचारतात आणि बांबू खाली ठेवून परत जातात. म्हणतात, गाठीच नाही तर गुढी कसली? तुमचा सगळा माल मी उचलतो. सगळा म्हणजे सगळा."

माझ्या जिवात जीव आला. पण तो पुढं म्हणाला, "दोन अटी आहेत. गावात दुसऱ्या कुणाला एक माळही द्यायची नाही. आणि हाताळायला तुम्ही स्वतः या. आमची पोरं तोडून ठेवतील."

हे हळूच म्हणाले, "महासंघ काय म्हणेल?"

"महासंघ अकरा क्विंटल गाठी चाटून संपवणार आहे का?" मी म्हटलं. "न्या हो चव्हाण. उद्या सकाळीच टेम्पो पाठवा."

खरं सांगते, त्या क्षणी मला उंडेशेठचा सूड घेतल्याचा असा काही आनंद झाला, की मी ह्यांना दुसऱ्यांदा चहा करून दिला.

दुसऱ्या दिवशी टेम्पोची एक फेरी झाली. दुसरी दुपारी व्हायची होती. तेवढ्यात जनाक्का आली.

जनाक्का मारुतीच्या पायरीवर बसायची. संक्रांतीला हलवा, राखीला राख्या, दिवाळीला वाती आणि पाडव्याला आमच्या गाठी. सासूबाईंच्या काळापासून दर पाडव्याला दोन टोपल्या घेऊन जायची आणि विकून पैसे आणून द्यायची. कधी एक दिवस इकडचा तिकडे नाही. महासंघाची ती सभासद नव्हती. महासंघाला ती ठाऊकच नव्हती. तिच्या धंद्याला ना पाटी, ना शटर.

"कौसे, दोन टोपल्या काढ गं," ती ओट्यावर टेकत म्हणाली. "आवंदा लई उशीर झाला. मानसं इचारून राह्यलीत."

टोपल्या तिच्या समोरच होत्या. सात-आठ भरलेल्या, वर ओलं नको म्हणून कागद घातलेला. एक माळही द्यायची नाही, असं मी कबूल केलेलं. दोन टोपल्यांनी चव्हाणला काय कळणार होतं? पण मला वाटलं, ही पायरीवर बसणार, गावभर दिसणार, चव्हाणच्या कानावर गेलं तर तो उरलेला मालही नेणार नाही. भ्यायले मी. आणि भ्यालेल्या माणसाच्या तोंडाला काय वाटेल ते येतं.

"जनाक्का, बंद आहे," मी म्हटलं. "महासंघानं सांगितलंय. काही विकायचं नाही."

"माज्या पायरीला कुटलं शटर? मला कोन बंद करतंय?"

"तसं नाही. छोट्या व्यापाऱ्यांसाठीच चाललंय हे सगळं."

"म्हंजी कुनासाटी?"

"तुझ्यासारख्यांसाठीच."

जनाक्कानं टोपल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आगं, माज्यासाटीच हाय तर मला दे की मंग!"

मला हसूही आलं आणि रागही आला. राग कुणाचा, ते कळेना. "उद्या बघू," म्हटलं मी. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि गेली. हे भट्टीपाशी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते काही बोलले नाहीत, आणि या खेपेला त्यांची ती काटकसर मला सोसेना.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी मार्टमध्ये उभी. डोक्यावर लाल टोपी, कमरेला लाल फडकं, समोर माझ्याच माळा हारीनं लावलेल्या. वर गार हवा. माळेला घाम नाही, मला मात्र फुटलेला. कारण गर्दीत पहिलं ओळखीचं तोंड दिसलं ते डुंबरे सरांचं. अर्ध्या तोंडाला रुमाल बांधलेला, पण चष्म्याला काय बांधणार?

"सर, तुम्ही?"

"निरीक्षण!" सर रुमालाआडून म्हणाले. "निवेदनासाठी वस्तुस्थिती पाहावी लागते." वस्तुस्थितीनं त्यांची पिशवी भरून गेली होती. वर बारा वह्यांचा गठ्ठा होता. स्वतःच्या दुकानात वह्या असताना!

"वह्यासुद्धा?"

"एकावर एक मोफत आहेत हो," ते कळवळून म्हणाले. "आपल्याला तर खरेदीतच एवढ्या स्वस्त पडत नाहीत." आणि दोन माळा घेऊन गेले.

मागोमाग उंडेशेठच्या सौभाग्यवती. दोन हातगाड्या, एक स्वतः ढकलत होत्या, दुसरी सून. मला टोपीत बघून दचकल्या, पण बाई अध्यक्षांची. लगेच सावरून म्हणाल्या, "अगंबाई, वहिनी! ह्यांनीच पाठवलं. म्हणाले, शत्रूचा माल काय दर्जाचा आहे ते बघून या."

"मग? काय दर्जाचा आहे?"

"साखर छान आहे," त्या म्हणाल्या. "असणारच. आमच्याच गोदामातली आहे." बोलून गेल्या आणि जीभ चावली.

दुपारपर्यंत महासंघाची अख्खी कार्यकारिणी माझ्यासमोरून गेली. एरवी सभेला कोरम भरत नसे. त्या दिवशी मार्टमध्ये सर्वानुमते हजर. एकमेकांना पाहून जो तो म्हणे, मी निरीक्षणाला आलोय. मी आतल्या आत इतकी हसले, की बरगड्या दुखल्या.

चव्हाण माझ्यापाशी आला तो नाचतच. "मॅडम, कमाल! लोक गाठीला म्हणून येतात आणि गाडी भरून नेतात. तुमच्या गाठी नसत्या ना, तर निम्मीसुद्धा माणसं आत राहिली नसती."

मला केवढा अभिमान वाटला! तो काय बोलला ते डोक्यात शिरायला मला फार वेळ लागला.

चारच्या सुमाराला रांगेत जनाक्का दिसली. चपला दाराबाहेर काढून आली होती, देवळात शिरावं तशी. गुळगुळीत फरशीवर बिचकत पाय टाकत होती. मी टोपी पुढं ओढली आणि खाली वाकले, जणू खोक्यात काही शोधतेय. माझ्या जागी मार्टची पोरगी उभी राहिली.

"किती देऊ, आजी?"

"चाळीस माळा दे."

"चाळीस? घरी कितीजण आहात?"

"घरी मी एकलीच. धंद्याला पायजेत. उद्या सकाळच्या पारी मानसं पायरीवर येत्यात. म्हातारी-कोतारी. त्यांना हितवर याया जमतंय व्हय? त्यांना काय सांगू, बंद हाय म्हनून?"

मी खोक्यामागून चव्हाणला खूण केली. म्हटलं, "अहो, त्या आजींना माझ्या भावानं द्या. माझ्यातनं वळते करा."

"मॅडम, आता बारकोड लागला," तो म्हणाला. "मशीन ऐकत नाही."

जनाक्कानं कनवटीची गाठ सोडून छापील भावानं पैसे मोजले. चाळीस माळा पदरात घेतल्या, एकही न तोडता. दोन पिढ्या गाठी हाताळलेला हात तो. पोरीला म्हणाली, "भलं हुईल बाई तुमचं. हितं तरी उगडं हाय."

मी खालीच बसून होते. 

पाडव्याच्या सकाळी मारुतीला नारळ फोडायचं निमित्त करून गेले. तीन दिवसांचा कडकडीत बंद आदल्या रात्रीच संपला होता, पण इतक्या सकाळी अख्ख्या बाजारपेठेत एकच दुकान उघडं होतं, पायरीवरचं. जनाक्का घेतल्या भावानं विकत होती. तिला त्यात एक दमडी सुटत नव्हती. लांबूनच बघितलं मी आणि नारळ तसाच परत आणला. आपण काय केलं ते तेव्हा मला धडधडीत कळलं. गावाला मार्टचा पत्ता महासंघानं सांगितला, पण गाव आत शिरलं ते माझ्या गाठींसाठी.

पंधरा दिवसांनी महासंघाची सभा झाली. मला वाटलं, आता माझी हकालपट्टी. पण हकालपट्टी करणार कोण? प्रत्येकानं प्रत्येकाला तिथं पाहिलेलं. तेव्हा डुंबरे सरांनी नवाच ठराव वाचला: महासंघाच्या अथक लढ्यामुळे स्थानिक गाठींना मोठ्या दालनात मानाचं स्थान मिळालं, सबब सौ. कौसल्या परदेशी यांना 'आदर्श लघुउद्योजिका' म्हणून गौरवण्यात येत आहे. शाल, श्रीफळ, फोटो. शालीवर मार्टचं लेबल तसंच होतं.

"बघा वहिनी," उंडेशेठ कानात म्हणाले, "म्हटलं नव्हतं, तुमच्यासाठीच चाललंय?"

मी शाल घेतली. घेतली बाई, खोटं कशाला सांगू? फोटोत हसलेही.

पुढं मार्टनं आमच्या माळा आपल्या नावाच्या पाकिटात घालून विकल्या. चौथ्या वर्षी मशीनच्या, प्लॅस्टिकच्या दोऱ्याच्या गाठी बाहेरून आल्या आणि चव्हाणच्या जागी आलेल्या साहेबानं आमचा फोनही उचलला नाही. तोवर गावाला बायपासची सवय झालेली. डुंबरे सरांचं दुकान मिटलं. उंडेशेठची साखर आजही मार्टला जाते.

पण ते सगळं नंतरचं. मला बंदच्या पुढच्याच वर्षीचा पाडवा सलतो. आठ दिवस आधी मी दोन टोपल्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. चव्हाणला ठणकावून सांगितलं होतं, एवढ्या मी देणार नाही, काय करायचं ते कर. रोज वाट बघितली. जनाक्का आली नाही. शेवटी ह्यांनी एक टोपली उचलली, मी दुसरी, आणि आम्ही पायरीवर गेलो.

जनाक्कापुढं फडकं अंथरलेलं, त्यावर माळा मांडलेल्या. मार्टच्या पाकिटातून काढून, आमच्याच.

"जनाक्का, या घे," मी म्हटलं. "नेहमीच्या भावानं. पैसे विकल्यावर दे. नाहीतर देऊच नको."

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मी पाय तरी धरले असते. तिनं ह्यांना बसायला पायरी झटकून दिली. मला म्हणाली, "नगं गं पोरी. मार्टातनं आनल्यात मी. तुज्याकडं कवा बंद लागंल, त्याचा काय नेम?"

ह्यांनी टोपली पुन्हा खांद्यावर घेतली. मीही घेतली आणि आम्ही घरी आलो.